शेवटच्या गाण्याचा वेग

चार सेल, जाडे, टॉर्चमध्ये घालतात तसले. दादा बहिणीकडे यायचा तेव्हा दर वेळी हातात तेच. लोक फळं आणतात, फुलं आणतात. हा सेल आणायचा. "लागतात घरात," एवढंच म्हणायचा आणि फ्रिजवर ठेवून द्यायचा.

पाच किलोचं प्रमाण वजन पितळेचं असतं. ते मखमल लावलेल्या लाकडी पेटीत राहतं आणि त्याला उघड्या हाताने शिवायचं नसतं. बोटांच्या घामानेसुद्धा ते खोटं होत जातं.

चावीचा कॅमेरा एका चावीत अठ्ठावीस सेकंद चालतो. मग थांबून पुन्हा चावी द्यावी लागते. तेवढ्या वेळात जे घडतं ते कुठेच राहत नाही.

कारखान्याच्या जेवणघरात, ताटं देण्याच्या खिडकीच्या वर, एक गोल विजेचं घड्याळ. सेकंदाचा काटा लाल.

दूरच्या कुठल्याशा देशातला एकोणीस वर्षांचा ड्रमर मुलाखतीत सांगतो, मी कोणाकडे शिकलो नाही. ती टेप मिळाली, शेवटचं गाणं हजार वेळा ऐकलं. ते कसे पळत सुटतात ऐका, मग कळेल.

"पळत असेन."

— चावी —

बारकी एकसष्ट वर्षांची झाली तरी तिला बारकी म्हणणारी दोन माणसं उरली होती. त्यातला एक दोन वर्षांपूर्वी गेला, तो तिचा दादा. दुसऱ्याशी ती शेहेचाळीस वर्षं बोलली नव्हती, आणि नेमका तोच आज फिल्म दुरुस्त करणाऱ्या प्रयोगशाळेच्या दारात काठी टेकून उभा होता.

"बारके," तो म्हणाला. "तशीच आहेस अगदी."

"तू नाहीस," बारकी म्हणाली. "वाकलास की."

"बांबू वाकतोच."

त्याला बांबू म्हणत ते उंचीमुळे. जगात त्याचं नाव वेगळं होतं आणि ते फार मोठं होतं. जुन्या गिटारवादकांची यादी कोणी करायला घेतली की पहिल्या पाचांत ते असायचंच. पण बारकीच्या लेखी तो बांबूच. लहानपणी ती त्याला बांबूदादा म्हणायची. एका सकाळनंतर तिने त्यातला दादा काढून टाकला, तो कायमचा.

ती सकाळ आधी सांगायला हवी, म्हणजे आजचं कळेल.

तेव्हा बँडमध्ये चौघं होते आणि त्यांना कोणी ओळखत नव्हतं. गाणारा, बांबू, बास वाजवणारा एक अबोल मुलगा, आणि ड्रमवर दादा. दादा वीस वर्षांचा, बारकी पंधराची. एका बिस्किटांच्या कारखान्यात कामगारांसाठी कार्यक्रम होता, जेवणघरातली टेबलं भिंतीला लावून. सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर उसना आणला होता आणि तो सांभाळायचं काम बारकीकडे होतं. दादाने बजावलं होतं, "इकडे तिकडे बघायचं नाही. काट्यावर लक्ष. आवाजाचा काटा लाल पट्ट्यात गेला की बटण थोडं मागे घ्यायचं." बारकीने जवळजवळ पाऊण तास त्या बोटाएवढ्या काट्यावरून डोळे हलवले नाहीत. ज्या कार्यक्रमाला आपण हजर होतो असं आज हजारो माणसं छातीठोकपणे सांगतात, त्याला ती खरोखर हजर होती, आणि तिने काही म्हणता काही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या खोलीत टेप लावून चौघांनी ऐकली. बारकी बाहेर जिन्यावर बसून होती. तासाभराने दादा काठ्या काखेत घालून बाहेर आला.

"चल, बारके."

"काय झालं?"

"मी पळतो म्हणे. शेवटच्या गाण्यापर्यंत सगळ्यांना फरफटत नेतो."

"पळतोस तू?"

दादा तिच्याकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "पळत असेन."

पुढच्या आठवड्यात बँडला दुसरा ड्रमर मिळाला, तालाला अगदी घट्ट. दादाने पुन्हा काठीला हात लावला नाही. तो लिफ्ट दुरुस्त करायला शिकला आणि आयुष्यभर तेच करत राहिला. जेवणाच्या टेबलावर माणसं बोटं वाजवतात ना सहज, तेवढंही त्याने कधी केलं नाही.

आणि गंमत अशी की ती टेप बाहेर फुटली. एकाने दुसऱ्यासाठी उतरवून घेतली, दुसऱ्याने तिसऱ्यासाठी. बँड मोठा झाला तशी टेपही मोठी झाली. लोक म्हणायला लागले की खरा बँड तिथेच आहे. ते बघा कसे हळू सुरू होतात आणि शेवटी कसे उधळतात, आवाज कसा चढत जातो. नकला सुरू झाल्या. तिचं अनुकरण करणारे बँड निघाले, मग त्या बँडांचं अनुकरण करणारे. शेवटी खुद्द बांबूने त्या घट्ट ड्रमरला सांगितलं की शेवटच्या गाण्यात जरा पळत जा, लोकांना तेच हवं असतं. दादाने ते टीव्हीवर पाहिलं तेव्हा तो बारकीच्याच घरी होता, पायात पाय अडकवून खुर्चीत बसलेला.

"हा बरोबर पळतो," तो म्हणाला. बारकीला हसावं की रडावं कळलं नाही. ती उठून चहा करायला गेली.

— चावी —

तर आता फिल्म सापडली होती. कारखान्यात अपघात कसे टाळावेत यावर छोट्या फिल्म काढणारा एक माणूस होता. उरलेली फिल्म वाया जाऊ नये म्हणून त्याने त्या दिवशी जेवणघरात चावीचा कॅमेरा चालवला होता. तो वारल्यावर त्याच्या सुनेला माळ्यावर तीन डबे मिळाले. तीन रिळं, सतरा तुकडे, प्रत्येक अठ्ठावीस सेकंदांचा. आवाज नाही. बँडच्या सुरुवातीच्या दिवसांतलं जगात दुसरं एक सेकंदही चित्र नव्हतं. बँडच्या रेकॉर्ड कंपनीला हे चित्र त्या प्रसिद्ध टेपशी जुळवून बाहेर काढायचं होतं, आणि पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येकाची किंवा त्याच्या वारसाची लेखी संमती हवी होती. दादाची वारस बारकी.

कागद टपालाने आला होता. तिने सही केली नाही. "आधी दाखवा," एवढंच उलट लिहिलं. तिला एकच गोष्ट बघायची होती. दादा पळत होता की नव्हता. कानांनी साऱ्या जगाने निवाडा दिला होता, तिनेही तो कधीच मान्य करून टाकला होता. पण डोळ्यांनी कोणी पाहिलं होतं?

प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पत्र्याचे डबे, डब्यांवर चिठ्ठ्या, आणि व्हिनेगरसारखा वास. जुनी फिल्म कुजायला लागली की असा वास येतो, असं तंत्रज्ञाने सांगितलं. तो पन्नाशीचा, चष्मा दोरीने गळ्यात, हातात पांढरे सुती मोजे. मोजे बघून बारकीला बरं वाटलं. तेहेतीस वर्षं वजनमाप निरीक्षक म्हणून तिने दुकानादुकानांतले काटे तपासले होते. जो माणूस मोजे घालून वस्तूला हात लावतो त्याच्याशी तिचं पटायचं.

"ताई, तुम्ही इथे बसा," तंत्रज्ञ म्हणाला. "साहेब, तुम्ही इकडे. पाय लांब करता येतील."

"साहेब कसला," बांबू म्हणाला. "या बाईसमोर मला साहेब म्हणू नका. तिने मला झाडावरून पडून रडताना बघितलंय."

"कुंपणावरून," बारकी म्हणाली. "झाडावर चढताच आलं नव्हतं."

तंत्रज्ञ हसला आणि त्याने दिवा मालवला.

— चावी —

पहिला तुकडा. टेबलं भिंतीला. कामगारांच्या पाठी, टोप्या, एका बाईच्या कडेवर झोपलेलं मूल. कॅमेरा हलतो, सावरतो. गाणारा माईकच्या दांड्याला धरून, मान खाली. इतका लहान. बारकीच्या डोक्यात तो कायम पोस्टरवरचा होता, जाडजूड, केस पिकलेला; मरेपर्यंत तो तसाच छापला गेला. हा तर अजून मिसरूडसुद्धा न फुटलेला पोरगा. त्याच्यामागे बांबू, ताठ. आणि सगळ्यात मागे, घड्याळाच्या बरोबर खाली, दादा.

दादाची जीभ दातांत होती. लक्षपूर्वक काही करताना तो जीभ दातांत धरायचा. लिफ्टचा दरवाजा बसवतानाही धरत असणार.

"याचा शर्ट माझा आहे," बांबू अंधारात म्हणाला.

"तुझा होता. तूच दिलास. त्याला बाह्या अपुऱ्या पडायच्या."

आवाज टेपचा होता, चित्र फिल्मचं, आणि दोन्ही एकमेकांवर चपखल बसत होतं. ओठ हलले की शब्द, काठी पडली की ठोका. दुसरा तुकडा, तिसरा, आठवा. मधे मधे पडदा काळा व्हायचा, टेप चालू राहायची आणि मग पुन्हा चित्र. बारकी फक्त दादाच्या हातांकडे बघत होती. डावा हात जेमतेम वीतभर उचलायचा. वायफळ हालचाल नाही. डोळे झाकून पास झाल्याचा शिक्का द्यावा अशा नव्या काट्यासारखा तो दिसत होता.

मग शेवटचं रीळ आलं, शेवटचं गाणं.

दादा पळत होता.

शंकाच नको. हात झपझप पडत होते, खांदे उडत होते, डोकं कोंबडीसारखं मागेपुढे होत होतं. बाकीचे त्याच्यामागून फरफटत निघाले होते. टेप जे सांगत होती तेच पडदा सांगत होता. म्हणजे लोक खरं बोलत होते. बांबू खरं बोलला होता. शेहेचाळीस वर्षं तिने त्या माणसाशी अबोला धरला तो फुकटच.

"बघितलंस," बांबू हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. थकवा होता. "मला तेव्हा पण वाईट वाटलं होतं गं. पण कानावर कसा विश्वास ठेवायचा नाही?"

बारकीला दादाकडे बघवेना, म्हणून तिने नजर वर नेली. वर घड्याळ होतं. लाल काटा.

तिने डोळे बारीक केले. मग मनगटावरचं घड्याळ तोंडाजवळ आणलं. त्यातले आकडे अंधारात हिरवे चमकायचे.

"तो शेवटचा तुकडा पुन्हा लावता?"

तंत्रज्ञाने लावला. बारकी एकदा पडद्याकडे, एकदा मनगटाकडे बघत होती. ओठ हलत होते तिचे.

"अजून एकदा."

"ताई, काही चुकलं का?"

"पडद्यावरचा काटा अठ्ठावीस सेकंद चालला. माझ्या हातावर पंचवीसच झाले," बारकी म्हणाली. "घड्याळ का पळतंय?"

— चावी —

तंत्रज्ञाने दिवा लावला. तो कधी पडद्याकडे, कधी तिच्याकडे बघत होता आणि त्याचा हात दोरीतला चष्मा चाचपत होता.

"चित्राचा वेग मी वाढवलाय," तो म्हणाला. "शेवटच्या रिळात चित्र टेपच्या मागे पडत होतं. चावीचे कॅमेरे बेभरवशाचे असतात. मला वाटलं, स्प्रिंग जास्त घट्ट बसली असेल, कॅमेरा जोरात फिरला असेल. तसं झालं की पडद्यावर सगळं संथ दिसतं. म्हणून मी चित्र वाढवत वाढवत टेपशी जुळवलं."

"टेप प्रमाण धरली तुम्ही."

"ताई, ती टेप साऱ्या जगाला पाठ आहे. मलासुद्धा. मी तिच्यावर मोठा झालो."

"ग्राहकांची तक्रार नाही म्हणून कोणी काटा पास करत नाही," बारकी म्हणाली. आवाजात जुनी निरीक्षक आली होती आणि ती आली की दुकानदार उभे राहायचे. "दोन काटे वेगळं बोलायला लागले की तिसरा आणायचा. तुमच्याकडे तिसरा भिंतीवर टांगलेला होता."

"मी त्यांच्या हातांकडे बघत होतो," तंत्रज्ञ कबूल करत म्हणाला. "घड्याळाकडे कोण बघतं?"

"सेकंदाच्या काट्यानुसार लावा. टेप बंद ठेवा."

त्याने लावलं, आवाजाशिवाय. शेवटच्या गाण्याचे दोन तुकडे होते, एक सुरुवातीचा आणि एक अगदी अखेरचा. आता लाल काटा मनगटावरच्या काट्याबरोबर चालत होता. बारकीने दादाच्या डाव्या हाताचे ठोके मोजले. पहिल्या तुकड्यात एकतीस. दुसऱ्यात एकतीस. मग बांबूने मोजले, काठी जमिनीवर टेकवत. एकतीस, एकतीस. तंत्रज्ञाने मोजले तेव्हा तो मोजता मोजता खुर्चीवरून उठला होता.

दादाची जीभ दातांत होती. खांदे स्थिर. कोणी पळत नव्हतं.

"मग टेप?" बांबू म्हणाला.

तंत्रज्ञाने टेप लावली, सुरुवात आणि शेवट, आळीपाळीने. गाण्यांच्या मधल्या शांत जागा त्याने निवडल्या. तिथे अॅम्प्लिफायरची घूं ऐकू येत होती. विजेवरचं जुनं यंत्र करतं तसली ती एकसुरी घूं.

"हिचा सूर बदलू शकत नाही," तो म्हणाला. "वीज जशी येते तशी ती. पण ऐका. पहिल्या गाण्यानंतर ही. आणि शेवटच्या गाण्याआधी ही."

दुसरी घूं स्पष्ट वर चढलेली होती. संगीत न कळणाऱ्यालाही कळली असती.

"म्हणजे टेपरेकॉर्डरच हळूहळू मंदावत गेला. भरताना फीत हळू सरकली आणि दुसऱ्या दिवशी ऐकताना ती नीट वेगाने फिरली, की सगळं पळताना ऐकू येतं. आवाजही चढतो." तंत्रज्ञ खाली बसला. "म्हणजे तो उधाणलेला शेवट... इतके बँड... मी स्वतः पोरवयात ते घोटून घोटून शिकलो." मग त्याने विचारलं, "टेपरेकॉर्डर कशावर चालत होता? विजेवर की सेलवर?"

"सेलवर," बारकी म्हणाली. "जेवणघरात प्लग एकच होता, तो अॅम्प्लिफायरला लागला होता. सरावाच्या खोलीत मात्र विजेवर लावला."

"मग झालं. सेल संपत आले असणार. असं होतं, कोणाचा दोष नाही."

"नव्हते संपत आले," बांबू म्हणाला.

दोघं त्याच्याकडे वळले.

"नवेकोरे सेल होते. माझ्यासमोर त्याने दुकानातून घेतले. त्या दिवशी खोलीत हा प्रश्न निघाला होता. बासवाला म्हणाला, मशीनमध्ये तर गडबड नाही ना? मीच म्हटलं, सेल नवे आहेत, मी पाहिलेत. आणि दादाकडे बघितलं. तो काहीच बोलला नाही." बांबूने काठीची मूठ दोन्ही हातांत धरली. "म्हणून म्हणतो, घड्याळावर एवढं जाऊ नका. कारखान्याची वीजच वरखाली झाली असेल; मग घड्याळही पळेल आणि घूंही चढेल. नव्या सेलवर मशीन मंदावत नाही. मला हे उगाच उकरून काढायचं नाहीये, बारके. लोकांचं त्या टेपवर प्रेम आहे. आहे तशी जाऊ दे."

बारकीने मनगटावरचं घड्याळ हाताने झाकलं.

— चावी —

तिचा रेडिओ लाल होता, चार जाड्या सेलवर चालणारा. त्या आठवड्यात रेडिओवर एक श्रुतिका चालू होती. दीपस्तंभावर एकट्या राहणाऱ्या एका बाईची, रोज पंधरा मिनिटं. तिच्या रेडिओतले सेल मेले होते, आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा यायचा. दादाने टेपरेकॉर्डरसाठी आणलेले चार नवे सेल टेबलावर पडून होते आणि कार्यक्रमाला अजून तीन दिवस होते. तीन दिवस वापरू, मग परत ठेवू. टेपरेकॉर्डरमध्ये त्याच्या मालकाचे जुने सेल होते, त्यांना तिने हात लावला नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी घाई झाली, सेल रेडिओतून काढायचे राहिले. तिने टेपरेकॉर्डरचं बटण दाबून पाहिलं. काटा हलला. काटा हलतोय, म्हणजे झालं की. दादाने दारातून ओरडून विचारलं होतं, "सेल घातलेस ना?" आणि तिने ओरडून सांगितलं होतं, "हो."

बस, एवढंच. ती टेप नीट भरली गेली, सगळ्यांनी ऐकली, त्यामुळे त्या 'हो'चा काही परिणाम झाला असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. पंधरा दिवसांत ती ते विसरली. पुढे तेहेतीस वर्षं दुसऱ्यांच्या काट्यातले चार-पाच ग्रॅम शोधत गावोगाव फिरली, तेव्हाही एकदा म्हणून आठवलं नाही.

आता आठवलं. बाईचा आवाजसुद्धा आठवला, दीपस्तंभावरच्या.

गप्प बसता आलं असतं. तंत्रज्ञ म्हणालाच होता, कोणाचा दोष नाही. पण मग बांबूचे नवे सेल उभे राहत होते आणि त्या नव्या सेलांसमोर भिंतीवरचं घड्याळ टिकत नव्हतं. दादा पळतच राहिला असता, आता तर चित्रासकट.

"नवे नव्हते," बारकी म्हणाली.

"अगं मी स्वतः..."

"तू दुकानात पाहिलेस. मशीनमध्ये नाही. नवे माझ्या रेडिओत होते, बांबू. मी घातले होते. मशीन जुन्यावर चाललं. दादाने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

बांबूने काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

"पंधरा वर्षांची होतीस," तंत्रज्ञ म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं त्याला. आणि घाईत अहोजाहो राहून गेलं, हे त्याच्याही लक्षात आलं नाही.

"वय विचारून काटा तपासत नाहीत." बारकीने पर्स उघडली, चष्मा काढला, तो संमतीचा कागद उलटा केला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. तिने अक्षर मोठं काढलं. आयुष्यभर ज्या पद्धतीने लिहिलं त्याच पद्धतीने लिहिलं, कारण दुसरी तिला येत नव्हती:

तपासलेली वस्तू: टेप, एक्केचाळीस मिनिटं.
प्रमाण: भिंतीवरचं घड्याळ. पडताळा: विजेची घूं.
निष्कर्ष: टेप सदोष. सुरुवातीला बरोबर, शेवटी तीन सेकंदांत चित्राच्या पुढे नाही तर अठ्ठावीस सेकंदांत तीन सेकंद पुढे.

ती थांबली. शेवटचं वाक्य गिचमिड झालं होतं. तिने ते खोडलं आणि नीट लिहिलं:

अठ्ठावीस सेकंदांचं वादन टेपवर पंचवीस सेकंदांत संपतं.
कारण: जुने सेल.
जबाबदार: टेपरेकॉर्डर सांभाळणारी, ड्रमरची बहीण.
ड्रमर: निर्दोष.

खाली सही केली. मग कागद सुलटा केला. संमतीची जागा कोरीच होती.

"हे छापा," ती तंत्रज्ञाला म्हणाली. "टेप सरळ करा किंवा दोन्ही द्या, ती आणि सरळ केलेली. पण हे त्याच्यासोबत जाईल. तरच पुढच्या बाजूला सही."

तंत्रज्ञाने बांबूकडे पाहिलं. शेवटचा शब्द त्याचा होता, कंपनी त्याच्या होकाराशिवाय काही करणार नव्हती.

बांबू कागद वाचत होता. वाचून झाला तरी त्याने मान वर केली नाही.

"सरळ करून ऐकवाल?" त्याने विचारलं. "शेवटचं गाणं. एकदा."

— चावी —

तंत्रज्ञाला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात दोघं शेजारी शेजारी बसून होते आणि बोलले ते एवढंच:

"दादा काय करायचा नंतर?"

"लिफ्टचं काम."

"मला माहीत नव्हतं."

"तू विचारलं नाहीस."

"नाही विचारलं."

मग दिवा मालवला गेला. पडद्यावर शेवटचं रीळ, शेवटचं गाणं, सरळ केलेल्या टेपसह. बारकीला वाटलं, हे दुसरंच गाणं आहे. गाणाऱ्याचा आवाज खाली उतरला होता, जड झाला होता. जगाला माहीत असलेली ती चिरकी, उधळलेली आरोळी कुठेच नव्हती. एक पोरगा होता, दमलेला, एक एक शब्द खांद्यावरून उतरवून खाली ठेवत असल्यासारखा. बांबूची गिटार त्याच्यामागून येत होती, वाट बघत. आणि सगळ्यांच्या खाली, भिंतीसारखा, दादा. डावा हात वीतभर वर, खाली. वर, खाली. कोणाला पुढे जाऊ देत नव्हता. कोणाला मागे राहू देत नव्हता.

बांबूची काठी जमिनीवर ठोके देऊ लागली आणि लगेच थांबली.

"इतकं सावकाश वाजवत होतो आम्ही?"

"इतकंच," बारकी म्हणाली.

"तो धरून होता आम्हाला." बांबू पुढे वाकला. "आणि आम्ही त्याला... बारके, तो एक शब्द बोलला असता ना, मशीन उघडून बघू म्हणाला असता, तर मी बघितलं असतं. आईशप्पथ बघितलं असतं. का नाही बोलला?"

बारकी पडद्याकडे बघत होती. शेवटचा ठोका पडला. दादाने दोन्ही काठ्या एका हातात घेतल्या, कपाळ पुसलं आणि मान उंच करून जेवणघराच्या पार मागच्या टोकाला कोणाला तरी शोधलं. ती जिथे टेपरेकॉर्डरपाशी वाकून बसली होती, ते टोक. तिला शोधून तो हसला. हात वर केला. तिने बघितलं नव्हतं. तिला काट्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं.

मग चावी संपली.

बांबूने काठी भिंतीला लावून ठेवली, खिशातून पेन काढलं आणि तिच्या कागदावर, 'निर्दोष'च्या खाली, आपली सही केली. तिने कागद उलटला आणि पुढच्या बाजूला केली. फ्रिजवर अजून दोन सेल होते, दादाने शेवटच्या भेटीत आणलेल्या चारांपैकी उरलेले. घरी गेल्यावर ते कुठे ठेवायचे याचा ती विचार करत होती.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, टेप ऐकायला निघण्याआधी, बारकीचा रेडिओ हल्ली इतका मोठ्याने कसा वाजतो म्हणून दादाने त्याचं मागचं झाकण उघडलं होतं, आतले चार नवे सेल पाहिले होते, आणि झाकण पुन्हा लावून ठेवलं होतं.